बंदराची किल्ली कोणाच्या कमरेला?

१६ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हंबनटोटा बंदराला 'युआन वांग ५' हे चिनी जहाज येऊन लागले. उपग्रह आणि क्षेपणास्त्रे यांचा माग काढणारी यंत्रणा या जहाजावर आहे. अशा जहाजाने भारताच्या दाराशी येऊन आठवडाभर मुक्काम करावा, ही गोष्ट दिल्लीला रुचणारी नव्हती आणि ती नाराजी कोलंबोच्या कानी पोहोचलीही होती. जहाज मुळात ११ ऑगस्टला यायचे होते. श्रीलंका सरकारने प्रथम ही भेट पुढे ढकलावी, अशी विनंती चीनला केली आणि नंतर काही दिवसांतच १६ ते २२ ऑगस्ट या काळासाठी परवानगी देऊन टाकली. मूळ परवानगी जुलैच्या ज्या आठवड्यात दिली गेली, त्याच आठवड्यात अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे जनक्षोभापुढे देश सोडून गेले होते.

श्रीलंकेची त्या वेळची अवस्था काय होती, हे वाचकांना आठवत असेल. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवीत असल्याचे जाहीर केले होते. पेट्रोलसाठी दिवस दिवस रांगा लागत होत्या, औषधे मिळत नव्हती, वीज तासन्‌तास जात होती. अशा वेळी भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य उभे केले. इंधन पाठविले, धान्य पाठविले, औषधे पाठविली. तरीही जहाज आलेच. भारतात काहींनी याला कृतघ्नता म्हटले. आमच्या मते तो शब्द चुकीचा आहे. ज्या सरकारजवळ परकीय चलन उरलेले नाही, ज्याला एका सावकाराकडून कर्जाची मुदत वाढवून घ्यायची आहे आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडून उद्याचे इंधन मिळवायचे आहे, ते सरकार कोणालाही ठामपणे 'नाही' म्हणू शकत नाही. त्याने प्रथम चीनला नकार देऊन पाहिला, तो टिकला नाही. मग भारताचा आक्षेप बाजूला सारून पाहिला. या दोन्ही निर्णयांत श्रीलंकेची स्वतःची इच्छा किती होती, हा प्रश्न आहे आणि सार्वभौमत्वाचा खरा प्रश्नही तोच आहे.

सार्वभौमत्व म्हणजे ध्वज, राष्ट्रगीत आणि संयुक्त राष्ट्रसंघातील खुर्ची, असे मानण्याचा प्रघात आहे. ही सारी चिन्हे श्रीलंकेजवळ २०२२ मध्येही होती. नव्हते ते नकाराचे बळ. परक्या सैन्याला बंदरात जागा द्यावी की न द्यावी, परक्या भांडवलावर धक्का उभारावा की न उभारावा, याचा निर्णय स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या संसदेत आणि स्वतःच्या वेळेत घेता येणे, हे सार्वभौमत्वाचे लक्षण होय. हे बळ एका दिवसात जात नाही. ते करारांच्या पानापानांतून झिरपत जाते. श्रीलंकेची कथा म्हणूनच बारकाईने वाचली पाहिजे.

ही कथा चिनी कर्जापासून सुरू होत नाही. श्रीलंका ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाली. पण त्याआधीच नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिटनशी झालेल्या संरक्षण करारान्वये त्रिंकोमालीचा नाविक तळ आणि कटुनायकेचा विमानतळ ब्रिटिशांकडेच राहिला होता. स्वातंत्र्य आले, पण बंदराची किल्ली जुन्याच धन्याच्या कमरेला राहिली. ती परत मिळविण्यास १९५७ साल उजाडावे लागले. पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी हे तळ रिकामे करून घेतले, तेव्हा कोठे त्या बेटाचे स्वातंत्र्य समुद्रापर्यंत पोहोचले. हिंद महासागराचा स्वामी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्रिंकोमालीचे खोल, नैसर्गिक बंदर कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते, हे पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि इंग्रज या सर्वांनी ओळखले होते. ज्या भूमीचे स्थान मोलाचे असते, तिच्याकडे ग्राहक आपण होऊन येतात. मोल ठरविण्याइतकी शुद्ध धन्याजवळ असली पाहिजे, एवढेच.

हंबनटोटाचे मोल असेच स्थानामुळे आहे. पूर्व आशिया आणि सुएझ कालवा यांना जोडणारा सागरी व्यापारमार्ग या बंदरापासून अवघ्या काही सागरी मैलांवरून जातो. चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर तेथे बंदर बांधण्यास २००८ मध्ये प्रारंभ झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. पहिल्या टप्प्याच्या सुमारे ३० कोटी ७० लाख डॉलरच्या कर्जावर ६.३ टक्के व्याज होते. जहाजे समोरून जात राहिली, बंदरात मात्र थोडीच वळली. जवळच मत्तला येथे उभारलेला आणि मार्च २०१३ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय विमानतळ तर प्रवाशांअभावी जगभर चेष्टेचा विषय झाला. अखेर २०१७ मध्ये बंदराचा सुमारे ७० टक्के हिस्सा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेला. त्याबदल्यात श्रीलंकेला १ अब्ज १२ कोटी डॉलर मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारण आपल्याकडे ती बहुधा चुकीची सांगितली जाते. चीनने कर्जापोटी बंदर जप्त केले, असे घडलेले नाही. भाडेपट्ट्याच्या रकमेतून बंदराचे कर्ज फिटले नाही; ती रक्कम परकीय चलनाची गंगाजळी सावरण्यासाठी वापरली गेली. श्रीलंकेच्या परकीय कर्जात चीनचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. म्हणजे गळ्याभोवतीचा दोर अनेक हातांनी वळलेला होता आणि त्यातले पहिले हात कोलंबोतीलच सत्ताधाऱ्यांचे होते. ज्या जिल्ह्यातून नेता निवडून येतो, तेथे बंदर हवे, विमानतळ हवा, क्रिकेटचे मैदान हवे, या हव्यासाने प्रकल्प उभे राहिले. चीनच्या विस्तारवादाला या सत्यकथनाने काडीचीही सूट मिळत नाही. चोर आला हे खरेच. पण दाराला कडी का नव्हती, हा प्रश्न घरमालकाला विचारावाच लागतो.

आणि चोरपावलांची चाहूल आधीच लागली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये एक चिनी पाणबुडी कोलंबोला आली. ती लागली चिनी कंपनीच्या व्यवस्थापनाखालील धक्क्याला. ऑक्टोबरच्या अखेरीस ती पुन्हा आली. व्यापारी कंटेनरसाठी बांधलेला धक्का युद्धनौकेला उपयोगी पडतो, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसले. त्याच सप्टेंबरात चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्या उपस्थितीत कोलंबोच्या किनाऱ्यावर समुद्र बुजवून २६९ हेक्टरचे नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले होते. मूळ करारात त्यातील २० हेक्टर भूमी चिनी कंपनीला कायमच्या मालकीने मिळणार होती. सत्तांतरानंतर २०१६ मध्ये ते कलम बदलून भाडेपट्ट्यावर आणण्यात आले. हंबनटोटाच्या करारातही भारताची चिंता ध्यानात घेऊन सुरक्षेचा अधिकार श्रीलंकेच्या नौदलाकडेच ठेवण्यात आला. यातून हेच दिसते की, आग्रह धरला तर करारातील शब्द बदलता येतात. परंतु सही करण्यापूर्वी धरलेला आग्रह आणि सहीनंतर केलेली विनवणी यांचे मोल सारखे नसते.

९९ वर्षे या आकड्याचा इतिहास खुद्द चीनला तरी ठाऊक असायला हवा. १८९८ मध्ये ब्रिटनने हाँगकाँगलगतचा नवा प्रदेश चीनकडून ९९ वर्षांच्याच पट्ट्याने घेतला होता आणि तो परत मिळण्यास १९९७ साल उजाडले. त्या काळाला चिनी राज्यकर्ते राष्ट्रीय अपमानाचे शतक म्हणतात. आपल्या अपमानाचे मोजमाप ज्या आकड्याने केले, तोच आकडा दुसऱ्याच्या करारात लिहिताना त्यांचा हात कचरला नाही.

तथापि एकट्या चीनकडे बोट दाखवून भागणार नाही. श्रीलंकेच्या दारावर दुसरी थाप अमेरिकेची होती आणि ती सैन्यविषयक करारांच्या रूपाने पडली. मार्च २००७ मध्ये लष्करी रसद व सेवा परस्परांना पुरविण्याचा करार अमेरिकेशी झाला. श्रीलंकेच्या वतीने त्यावर संरक्षण सचिव गोटाबाया राजपक्षे यांनी सही केली. त्या वेळी त्यांच्याजवळ अमेरिकेचे नागरिकत्वही होते! २०१७ मध्ये हा करार पुढे चालू ठेवण्यात आला. अमेरिकी सैनिकांच्या श्रीलंकेतील कायदेशीर दर्जासंबंधी १९९५ पासून एक व्यवस्था होतीच. तिच्या जागी अधिक व्यापक करार करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि २०१९ मध्ये त्याचा मसुदा वृत्तपत्रांत फुटला. परक्या सैनिकाने गुन्हा केल्यास त्याचा न्याय कोणी करावा, त्याने गणवेशात आणि शस्त्रांसह कोठवर वावरावे, हे प्रश्न तेव्हा सामान्य सिंहली व तमिळ नागरिकाच्या तोंडी आले. असा करार होऊ देणार नाही, असे तत्कालीन अध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना जाहीरपणे सांगावे लागले.

याच काळात अमेरिकेच्या 'मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन' या संस्थेने ४८ कोटी डॉलरचे अनुदान देऊ केले. हे कर्ज नव्हते, परत करायचे नव्हते. रस्ते, वाहतूक आणि जमिनीच्या नोंदी सुधारणे, असा त्याचा हेतू सांगितला गेला. परंतु सैन्यविषयक करार आणि हे अनुदान एकाच सुमारास पुढे आल्याने लोकांनी दोहोंची सांगड घातली. जमिनीची कागदपत्रे परक्यांच्या हाती जातील, बेटाचे दोन तुकडे करणारा पट्टा तयार होईल, अशा वावड्या उठल्या. त्यांतील कित्येक निराधार होत्या. परंतु जेथे सरकार गुपचूप सह्या करते, तेथे अफवांचे पीक येणारच. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने तो प्रस्तावच गुंडाळला. कर्जबाजारी देशाने ४८ कोटी डॉलरच्या अनुदानावर पाणी सोडले आणि पुढच्या दीड वर्षात तो दिवाळखोरीत गेला. चिनी कर्ज डोळे मिटून घेतले आणि अमेरिकी अनुदान डोळे मिटून नाकारले. दोन्ही वेळी डोळे मिटलेलेच होते!

याच संस्थेच्या ५० कोटी डॉलरच्या अनुदानावरून नेपाळमध्येही वादळ उठले होते. तेथे करारावर २०१७ मध्ये सही झाली. रस्त्यावर आंदोलने झाली, सत्तारूढ आघाडी हेलकावली, चीननेही आपली नापसंती लपविली नाही. पण अखेर हा करार संसदेत आला आणि २७ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याला मंजुरी मिळाली, तीही बारा कलमी निवेदन जोडून. नेपाळचे संविधान या करारापेक्षा वरचे राहील आणि यामुळे नेपाळ कोणत्याही लष्करी आघाडीचा घटक होत नाही, हे त्यात नोंदविण्यात आले. नेपाळच्या राजकारणात दोष पुष्कळ आहेत. पण या एका प्रसंगी त्या छोट्या देशाने महासत्तेचे अनुदान घेतले ते आपल्या अटी उघडपणे सांगून घेतले. श्रीलंकेत आणि नेपाळात फरक पडला तो येथे.

आता तिसऱ्या थापेविषयी बोलले पाहिजे आणि ती आपली स्वतःची आहे. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराबरोबर राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. त्रिंकोमाली किंवा अन्य कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने कोणत्याही देशाच्या लष्करी वापरासाठी दिले जाणार नाही आणि त्रिंकोमालीचा तेलटाक्यांचा तळ उभय देश मिळून पुन्हा कार्यान्वित करतील, असे त्यात ठरले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील या टाक्यांसंबंधी २००३ मध्ये भाडेकरार झाला, काही टाक्या वापरात आल्या, उरलेल्यांवर रान माजले. ६१ टाक्यांच्या संयुक्त विकासाचा करार व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. पत्रापासून करारापर्यंत चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत चीनने बंदर बांधले, विमानतळ बांधला आणि समुद्रात शहर वसविले. आपल्या फायली मात्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात प्रवास करीत राहिल्या.

१९८७ च्या त्याच कराराने भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. सुमारे बाराशे जवानांनी तेथे प्राण वेचले. १९९० मध्ये सेना परतली, तेव्हा सिंहली आणि तमिळ या दोन्ही समाजांत तिच्याविषयी कटुता होती. परक्या भूमीवर सैन्य उभे करण्याची किंमत काय असते, हे भारताला पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही. त्या कटुतेचा अंश अजून उरला आहे. कोलंबो बंदरातील पूर्व टर्मिनल भारत आणि जपान यांच्या साहाय्याने विकसित करण्याचा २०१९ चा समझोता फेब्रुवारी २०२१ मध्ये कामगार संघटनांच्या विरोधापुढे मोडला. त्याऐवजी पश्चिम टर्मिनलचा प्रकल्प एका भारतीय खासगी कंपनीच्या पुढाकाराने उभा राहिला आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथे काम सुरू झाले. त्याच कंपनीच्या मन्नार भागातील पवनऊर्जा प्रकल्पाला मात्र स्पर्धात्मक निविदेविना दिल्याच्या आक्षेपाने आणि विजेच्या दरावरून विरोध झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने माघार घेतली. चिनी कंपनीला ज्या मापाने मोजले, त्याच मापाने श्रीलंकेचा नागरिक भारतीय कंपनीलाही मोजतो. त्याने तसे करावे, हेच योग्य आहे.

मराठी वाचकाला ही सारी कथा परकी वाटू नये. शिवछत्रपतींच्या स्वराज्याची राजनीती सांगणारे आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांनी इ.स. १७१५ च्या सुमारास लिहिले. त्यात सावकारांविषयी एक प्रकरण आहे आणि त्यात टोपीकरांविषयी वेगळा इशारा आहे. हे लोक इतर व्यापाऱ्यांसारखे निव्वळ व्यापारी नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि व्यापाराच्या निमित्ताने ते भूमीत पाय रोवू पाहतात. म्हणून त्यांना व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यावर, बंदराजवळ, दुर्गाजवळ जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा तो आशय आहे. व्यापार बंद करा, असे अमात्य म्हणत नाहीत. परक्याचे भांडवल यावे, पण किनारा आणि दुर्ग आपल्या हाती राहावेत, एवढा विवेक ते शिकवितात. तीनशे वर्षांपूर्वीचे हे शहाणपण हंबनटोटाच्या करारापूर्वी कोणी वाचले असते, तर बरे झाले असते.

आणि हे शहाणपण विसरल्याचे फळही मराठ्यांनीच चाखले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्यांनी सही केली. इंग्रजांच्या सहा पलटणी कायमच्या पदरी ठेवायच्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसाला नोकरीत ठेवायचे नाही, अन्य सत्तांशी वाटाघाटी करताना कंपनीला विचारायचे, अशी त्याची कलमे होती. त्या दिवशी शनिवारवाड्यावरील जरीपटका उतरला नाही. तो उतरायला आणखी सुमारे पंधरा वर्षे लागली. पण बाजीरावाचे 'नाही' म्हणण्याचे बळ वसईतच संपले होते. घरातल्या भांडणात गादी वाचविण्यासाठी परक्याची फौज बोलावली आणि तिच्या खर्चापायी राज्यच गेले. तैनाती फौज आणि तिच्या खर्चाचा मुलूख, म्हणजे आजच्या भाषेत लष्करी प्रवेश आणि आर्थिक बांधिलकी, या दोन गोष्टी एकाच कागदावर आल्या की काय होते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

स्वतंत्र भारतानेही अशी एक घटिका पाहिली आहे. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही भारतीय विमानतळांवर इंधन भरण्याची मुभा चंद्रशेखर सरकारने दिली. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ती सवलत थांबली. त्याच काळात देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. विमानांना इंधन दिले म्हणून सोने गेले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिजोरी रिती असताना दारावर पडलेली थाप किती जड वाटते, हे त्या वर्षी आपण अनुभवले. पुढील काळात देश आर्थिकदृष्ट्या सावरला. ऑगस्ट २०१६ मध्ये भारताने अमेरिकेशी रसदविषयक करार केला, तेव्हा त्यात परकीय तळाला स्थान नाही आणि प्रत्येक प्रसंगी निर्णय भारतच करील, हे सरकारने स्पष्ट केले. विषय तोच होता. फरक होता तो वाटाघाटीला बसणाऱ्याच्या सामर्थ्यात.

या अनुभवांतून परकीय कराराच्या काही कसोट्या सिद्ध होतात. पहिली, करार संसदेपुढे आणि जनतेपुढे आला काय? दुसरी, परक्या सैनिकावर आणि परक्या कंपनीवर कायदा कोणाचा चालणार? तिसरी, प्रकल्प स्वतःच्या उत्पन्नावर कर्ज फेडू शकतो काय, की कर्ज फेडायला भूमीच द्यावी लागणार? चौथी, करार मोडायचा झाल्यास बाहेर पडण्याची वाट आहे काय? या चारही कसोट्यांवर उतरणारा करार चीनशी असो, अमेरिकेशी असो वा भारताशी, त्याने सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. एकाही कसोटीवर न उतरणारा करार सख्ख्या मित्राशी केला, तरी तो गळफास ठरतो.

भारताने या कसोट्या स्वतःलाही लावल्या पाहिजेत. सेशेल्समधील अझम्शन बेटावर सुविधा उभारण्याचा २०१८ चा करार तेथील संसदेत अडला. मालदीवमध्ये भारतीय सैनिकांच्या उपस्थितीचा निवडणुकीत मुद्दा झाला आणि मे २०२४ पर्यंत त्यांना परतावे लागले. वास्तविक ते मूठभर जवान रुग्णांना इस्पितळात नेणारी हेलिकॉप्टरे आणि विमान चालवीत होते. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या भेटीत श्रीलंकेशी संरक्षण सहकार्याचा समझोता झाला. तो स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा मजकूर जनतेपुढे ठेवला गेला नाही, अशी टीका तेथे झाली. जी गुप्तता आपण चिनी करारांत दोषास्पद मानतो, ती आपल्या करारात गुण कशी ठरेल? लपवावे असे काही नसेल, तर उघड करण्यात भारताचाच लाभ आहे. ज्या कागदाला लोकांची संमती असते, तो सरकार बदलले तरी टिकतो.

अनेकांना वाटते की, शेजारी दुबळा असला म्हणजे तो आपल्या मुठीत राहतो. हा समज आत्मघातकी आहे. दुबळा शेजारी कोणाच्याही मुठीत जातो आणि अधिक खोल खिसा असलेल्याच्या मुठीत आधी जातो. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोर होती म्हणून चिनी जहाज आले. पुढे नाणेनिधीच्या साहाय्याने आणि भारताच्या आधाराने ती थोडी सावरली, तेव्हा त्याच श्रीलंकेने जानेवारी २०२४ पासून एका वर्षासाठी सर्वच परकीय संशोधन नौकांना आपली बंदरे बंद केली आणि दुसरे चिनी जहाज मालदीवकडे वळले. डिसेंबर २०२४ मध्ये नवे अध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके दिल्लीत आले आणि आपली भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू देणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले. पुढच्याच महिन्यात ते बीजिंगला गेले आणि हंबनटोटा येथे ३ अब्ज ७० कोटी डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा चिनी कंपनीशी करार झाला. हा दुटप्पीपणा आहे, असे म्हणून संतापण्यापेक्षा एवढेच पाहावे की, त्या आश्वासनाला जागण्याचे बळ श्रीलंकेजवळ राहते की नाही. ते राहावे, हे भारताचे हित आहे.

त्यासाठी भारताने करण्याजोगे पुष्कळ आहे. जे वचन द्यावे ते मुदतीत पुरे करावे. त्रिंकोमालीची चौतीस वर्षे पुन्हा होता कामा नयेत. जाफन्याजवळच्या तीन बेटांवरील वीजप्रकल्प चिनी कंपनीकडे जात असताना भारताने अनुदानातून तो उभारण्याची तयारी दाखविली आणि मार्च २०२२ मध्ये तसा करार झाला. हा मार्ग खात्रीचा आहे. छोटे, उपयोगी आणि लोकांच्या घरात दिवा लावणारे प्रकल्प दिखाऊ विमानतळांपेक्षा मित्र अधिक जोडतात. शिवाय आपले घरही बांधले पाहिजे. भारताच्या मालाची मोठ्या जहाजांवरची चढउतार वर्षानुवर्षे कोलंबोत होत आली, कारण आपल्याजवळ तेवढी खोल बंदरे नव्हती. केरळात विळिंजम मे २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झाले, आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण येथे मोठे बंदर उभारण्याचे ठरले आहे. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विश्वासात घेऊन ही कामे झाली पाहिजेत. कारण जनतेच्या संमतीची जी कसोटी आपण हंबनटोटाला लावतो, ती वाढवणलाही लागू आहे.

परक्याला 'नाही' म्हणता येणारा शेजारी भारताच्या दक्षिण सीमेवरची सर्वांत भक्कम तटबंदी आहे. तो कधी आपल्यालाही 'नाही' म्हणेल. ते ऐकून घेण्याचा मोठेपणा दिल्लीने दाखवावा. कारण जो आपल्याला नकार देऊ शकतो, तोच उद्या बीजिंगला आणि वॉशिंग्टनलाही नकार देऊ शकेल. हंबनटोटाची किल्ली श्रीलंकेच्याच कमरेला असणे, यातच भारताची सुरक्षा आहे. वसईचा कागद ज्यांच्या इतिहासात आहे, त्या मराठी माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये.